यूके की जर्मनी? जीएनएम नर्सला मार्गदर्शन हवे आहे (आणि एजंटचे अडीच लाख)

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात असेल तर संपादकांनी हलवावा.

मी ऐरोलीत राहते. २०१८ला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाले, तेव्हापासून खासगी हॉस्पिटलात आहे. त्यातली शेवटची चार वर्षे नवी मुंबईतल्या एका आयसीयूत. पगार सांगत नाही, पण घराचा हप्ता आणि मुलाची शाळा भरली की रिक्षाऐवजी चालत जावं लागतं एवढा आहे. मुलगा चार वर्षांचा. नवरा तळोज्याला कंपनीत.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीबरोबर ठाणे स्टेशनजवळच्या एका एजंटकडे गेले होते. जिना चढून दुसरा मजला, भिंतीवर झेंडेच झेंडे. त्याचं म्हणणं, "यूके संपलं, आता जर्मनी." शून्यापासून नऊ महिन्यांत विमानात बसवतो म्हणाला. अडीच लाख रुपये, निम्मे आत्ता, आणि ओरिजिनल सर्टिफिकेट्स त्यांच्याकडे जमा करायची. मी विचार करून सांगते म्हणाले, तर "सीट शुक्रवारपर्यंतच आहे मॅडम."

माझं आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा) आठ महिन्यांपूर्वी झालंय. ऐकणे, वाचणे, बोलणे तिन्ही ७, लिहिणे ६. त्यावरच अडलं आणि मी नाद सोडला. जर्मनचा गंध नाही.

देश कुठला निवडू? पैसे भरू का? कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ७:०५

ओरिजिनल कुणालाही देऊ नकोस. बाकी चर्चा नंतर.

उपवनची_सकाळ | मंगळवार, सकाळी ९:३०

खाडीकाठ, प्रचंड अनुमोदन. माझ्या मावसबहिणीची सर्टिफिकेट्स अशीच एकाने अडकवली होती. नोकरी बदलायला निघाली तर म्हणे आधी "प्रोसेसिंग" भरा. शेवटी भाऊ आणि दोन मित्र घेऊन गेले तेव्हा मिळाली.

आणि रात्रपाळीताई, परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्या एजंटचा नोंदणी क्रमांक आहे का बघा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. अडीच लाखांची पावती कशाच्या नावाने देणार, एवढाच प्रश्न विचारून या. चेहरा बघण्यासारखा होईल.

ढोकाळीकर | मंगळवार, दुपारी १:१२

सगळ्याच सिस्टर बाहेर गेल्या तर इथल्या पेशंटनी कुणाकडे बघायचं? सरकारी भरतीत अधिपरिचारिकेच्या जागा निघतात. तिथे प्रयत्न का नाही?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:४०

ढोकाळीकर, दोनदा दिली ती परीक्षा. दुसऱ्यांदा तीन मार्कांनी गेली. आणि काका, राग मानू नका, पण काल रात्री सहा व्हेंटिलेटरच्या पेशंटना आम्ही तिघी होतो. इथे पेशंटकडे बघायला माणसं का नाहीत हे मला नका विचारू.

लीड्सकर_वैनी | बुधवार, रात्री २:२० (आमच्याकडे मंगळवारची रात्र)

नाइट संपवून झोपले होते, उठल्यावर हा धागा दिसला. मी मूळची कळव्याची, २०२२पासून यूकेत. जीएनएमच आहे मी पण, तेव्हा "डिप्लोमा चालत नाही" असं कुणी सांगितलं तर यूकेपुरतं तरी ऐकू नकोस. (काही देशांत डिग्री विचारतात, ते वेगळं.)

आधी सगळ्यात महत्त्वाचं. तुझे ६ वाया गेलेले नाहीत! इथली नोंदणी परिषद, म्हणजे एनएमसी, लिहिण्यात ६.५ आणि बाकी तिन्हीत ७ मागते. पण दोन परीक्षांचे मार्क एकत्र धरता येतात. अट अशी की दोन्ही परीक्षांत बारा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, दोन्ही वेळा लिहिणे ६च्या खाली नको आणि बाकी ६.५च्या खाली नको. तुझे आठ महिने झालेत. म्हणजे चार महिन्यांच्या आत पुन्हा बसून फक्त लिहिण्यात ६.५ काढलेस, बाकी ६.५ जरी आले, तरी काम झालं. फक्त परीक्षा आयईएलटीएसच दे. आता ओईटीकडे (आरोग्यसेवेतल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा) वळलीस तर हे जुने मार्क जोडता येणार नाहीत. एरवी मी नर्सला ओईटीच सांगते, कारण त्यात डिस्चार्जचं नाहीतर रेफरलचं पत्र लिहायचं असतं, जागतिकीकरणावर निबंध नसतो.

मग सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा. ही भारतातच होते, पिअर्सन व्ह्यूच्या केंद्रावर, ८३ पौंड. दोन भाग: गणिताचे १५ प्रश्न अर्ध्या तासात, आणि नर्सिंगचे १०० प्रश्न अडीच तासांत. गणित म्हणजे डोस, थेंब, मिली. आयसीयूवाल्यांना सोपं, पण आपण औषधाच्या पंपावर आकडा टाकायला इतक्या सरावलोय की हाताने करताना अडखळतो. पाठ्यपुस्तकापेक्षा इथल्या पद्धती वाच: पेशंटची संमती, गोपनीयता, सेफगार्डिंग (दुर्बल पेशंटचं रक्षण). आपल्याकडे नातेवाइकाला सगळं सांगतो आपण, इथे पेशंटला विचारल्याशिवाय मुलालाही सांगायचं नाही. प्रश्न तिथेच फसवतात.

मग इथे आल्यावर ओस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. दहा स्टेशन. चार एकाच पेशंटच्या गोष्टीवर (तपासणी, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन), चार कौशल्यांची, दोन नुसती लिहायची. फी ७९४ पौंड, बहुतेक ट्रस्ट (इथली सरकारी हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्था) भरतात.

मी पहिल्या फेरीत औषधाच्या स्टेशनला नापास झाले. सात वर्षांचा अनुभव आणि गोळी देण्यात नापास! कारण काय, तर चार्टवर ॲलर्जीचा रकाना वाचला, पण पेशंटला तोंडाने विचारलं नाही. मनात वाचलेलं परीक्षकाला ऐकू येत नाही. हात धुतले तर "मी हात धुतेय" म्हणायचं. मनगटाचा पट्टा बघितला तर मोठ्याने नाव आणि जन्मतारीख जुळवायची. आपल्याला "तोंड बंद आणि हात चालू" असं शिकवलेलं, इथे उलटं. पुन्हा फक्त राहिलेली स्टेशनं दिली, निम्म्या फीत, ३९७ पौंड. पास.

जेवण करून पुढचं लिहिते.

लीड्सकर_वैनी | बुधवार, पहाटे ४:१०

पुढे. पिन, म्हणजे नोंदणी क्रमांक, येईपर्यंत तुम्ही नर्स नसता. खालच्या बँडवर (पगारश्रेणीवर) काम करायचं. मग बँड ५, २०२५-२६ला त्याची सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंडांपासून. ऐकायला मोठं, पण घरभाडं आणि मुलाची पाळणाघराची फी दिली की तुझी रिक्षाच आठवेल.

पिन आल्यावरसुद्धा पहिले काही महिने शिरेतून औषध द्यायचं नाही, कॅन्युला (सलाइनची सुई) लावायचा नाही. ट्रेनिंग होऊन कुणीतरी सही करेपर्यंत नाही. मी कळव्याला डोळे मिटून लहान बाळांना कॅन्युला लावायचे आणि इथे बावीस वर्षांची मुलगी माझ्या मागे उभी राहून बघत होती. त्या दिवशी स्टोअररूममध्ये जाऊन रडले, खोटं कशाला बोलू.

आता कटू भाग. एजंट खोटारडा असेल, पण "यूके संपलं" यात थोडं तथ्य आहे. मी आले तेव्हा ट्रस्ट भारतात मुलाखती घेत फिरत होते. आता बाहेरून घेणं फार कमी झालंय. इथल्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलांना जागा मिळेनात, म्हणून ऑगस्ट २०२५मध्ये सरकारला त्यांच्यासाठी हमी योजना जाहीर करावी लागली. शिवाय कायमच्या वास्तव्यासाठी पाचाची दहा वर्षं करण्याचं सरकारने २०२५मध्ये मांडलं. नर्सला नवरा-मूल आणता येतं, ते अजून आहे. (केअर वर्करना ११ मार्च २०२४पासून ते बंद आहे, आणि त्या कामावर बाहेरून घेणंही २२ जुलै २०२५पासून थांबलं. तेव्हा "आधी केअर होममध्ये चल, मग नर्स कर" असं कुणी म्हणालं तर फोन ठेव.)

ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, आयसीयू असा अनुभव असेल तर अजून दार किलकिलं आहे. तुझा आयसीयूचा आहे.

खाडीकाठ | बुधवार, सकाळी ७:१५

वैनी, दंडवत. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कोलोनची_कांदाभजी | बुधवार, दुपारी ४:३०

जर्मनीची बाजू मांडायला हजर. मी नेरूळची, बीएस्सी नर्सिंग, २०२३पासून इथे.

नऊ महिन्यांत शून्य ते विमान? नोकरी सोडून, मूल आईकडे ठेवून, दिवसभर क्लास केला तर होईलही. ड्युटी करून नाही. परिचारिकेच्या पूर्ण मान्यतेला जर्मन भाषेची बी२ पातळी (बी१च्या वरची) लागते आणि तिथवर यायला सहाशे ते आठशे तासिका जातात. मी बी१ नवी मुंबईतून आणि बी२ पुण्यात राहून केलं. चार भागांपैकी बोलण्यात एकदा उडाले. गोएथेला (जर्मन भाषेची परीक्षा घेणारी संस्था) भाग वेगवेगळे देता येतात, तेवढं बरं.

कागदांचं असं. तुमचं शिक्षण त्या त्या राज्याचं कार्यालय जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून बघतं. प्रत्येक विषयाचे तास, प्रत्येक वॉर्डातले तास. कमी पडलेलं लिहून पत्र येतं, त्याला डेफिझिटबेशाइड म्हणतात. नाव भयंकर आहे, पण घाबरू नका, भारतीय नर्सला ते जवळजवळ येतंच. मग दोन वाटा: केन्टनिसप्रुफुंग, म्हणजे तोंडी आणि खऱ्या पेशंटवर प्रात्यक्षिक परीक्षा, नाहीतर आनपासुंग, म्हणजे काही महिने वॉर्डात शिकत राहायचं. तोवर मदतनीस म्हणून पगार. जुलै २०२५ला हॉस्पिटलाबाहेरच्या काळजी-संस्थांत किमान दर मदतनिसाला तासाला १६.१० युरो, पूर्ण नर्सला २०.५०.

आता जे कुणी सांगत नाही ते. इथे पेशंटची आंघोळ, दात घासणं, भरवणं, डायपर सगळं नर्सचं. ग्रुंडफ्लेगे म्हणतात त्याला. आपल्याकडे मावशींना हाक मारायची सवय. इथे मावशी मीच! उलट सलाइनची सुई बहुतेक ठिकाणी डॉक्टर लावतात. माझ्याबरोबर आलेली एक जण दोन महिन्यांत परत गेली, "एवढं शिकून हेच करायचं का" म्हणून. मला स्वतःला पुढे आवडायला लागलं. आंघोळ घालताना पाठीवरची लाली जशी दिसते तशी फाइलमध्ये दिसत नाही.

भाषेचं अवांतर: बी२ पास होऊन मी पहिल्या दिवशी वॉर्डात गेले आणि एका आजोबांचं एक अक्षर कळलं नाही. ते कोलोनच्या बोलीत बोलत होते. म्हणजे पुण्यात मराठी शिकून मालवणात उतरावं तसं.

पैसे: नेणाऱ्या मालकाने खर्च करायचा, ही इथली चांगली प्रथा. परदेशातून नर्स आणणाऱ्यांना "फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइशलांड" असं सरकारी मानचिन्ह मिळतं, ते असलेल्यांनी उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नसतात. मी भरले ते क्लासचे आणि परीक्षेचे. नोकरीसाठी एक रुपया नाही.

रात्रपाळी | बुधवार, रात्री १०:०२

वैनी, भजी, तुमचे कसे आभार मानू कळत नाही. आयईएलटीएसचं जोडतात हे क्लासवाल्यांनीसुद्धा सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्याची तारीख घेतली.

भजीताई, ते प्रत्येक वॉर्डाचे तास वगैरे... हे कॉलेज देतं ना? कारण माझं नर्सिंग स्कूल बंद झालंय.

ब्रदर_कळवा | बुधवार, रात्री ११:३०

बंद झालंय?? मग हेच आधी सोडवा. देश नंतर.

मी सौदीत पाच वर्षं काढून परत आलो. आखातात डेटाफ्लो नावाची पडताळणी असते. तुमची मार्कशीट, नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन, अनुभवाचं पत्र, सगळं ज्याने दिलं त्यालाच थेट विचारतात. माझ्या जुन्या हॉस्पिटलच्या एचआरने दोन महिने मेलला उत्तरच दिलं नाही. शेवटी मी मिठाईचा डबा घेऊन गेलो आणि त्यांच्या समोर बसून मेल पाठवायला लावला. आमच्या बॅचच्या एकाने अनुभवाचं पत्र "करून घेतलं" होतं. ते पकडलं गेलं आणि तो निगेटिव्ह रिपोर्ट पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा आला.

तुमच्या पत्रावर हुद्दा काय लिहिलाय तेही बघा. काही खासगी ठिकाणी सरळ "स्टाफ" लिहून मोकळे होतात. "रजिस्टर्ड नर्स", विभाग, तारखा, पूर्णवेळ, एवढं हवंच.

रात्रपाळी | पुढचा मंगळवार, रात्री ९:२०

आठवडाभर गायब होते. हकीकत सांगते.

ट्रान्सक्रिप्टसाठी (विषयवार आणि वॉर्डवार तासांचा दाखला) शाळेच्या जुन्या पत्त्यावर गेले. तिथे आता स्कॅनिंग सेंटर आहे. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं की ट्रस्ट चालू आहे, त्यांचं दुसरं कॉलेज आहे. तिथे गेले. पहिल्या दिवशी क्लार्क रजेवर. दुसऱ्या दिवशी म्हणाले "जुनं रेकॉर्ड गोडाऊनला आहे, दोन महिने लागतील." मी रडकुंडीला आले. तेवढ्यात आमच्या वेळच्या ट्यूटर मॅडम जिन्यातून खाली आल्या! मी हाक मारली, त्यांनी मला चेहऱ्यावरून नाही, हस्ताक्षरावरून ओळखलं. म्हणाल्या, "तुझी केस बुकं वर्गात सगळ्यांना दाखवायचे मी." गोडाऊनची किल्ली त्यांनीच मागवली. रजिस्टर सापडलं. विषयवार थिअरीचे तास आहेत. वॉर्डांचे तास मात्र एका वर्षाचे नीट लिहिलेलेच नाहीत.

घरी येऊन माळा उपसला. माझी प्रॅक्टिकल रेकॉर्ड बुकं आईने रद्दीत घालायला बांधून ठेवली होती, सुतळीसकट. मिडवायफरीची नोंदवही, प्रत्येक पोस्टिंगच्या तारखा, इन्चार्ज सिस्टरच्या सह्या, सगळं आहे. मॅडम म्हणाल्या, यावरून तास भरून ट्रान्सक्रिप्ट तयार करू, ट्रस्टच्या लेटरहेडवर, प्रिन्सिपलच्या सहीने. चार प्रती सीलबंद पाकिटात मागितल्यात.

तीन वर्षं त्या वह्या लिहायचा मला काय कंटाळा यायचा!

जुईनगरची | मंगळवार, रात्री ९:४५

हे वाचून मी आत्ता उठून माझ्या वह्या कुठे आहेत ते बघून आले. माहेरी आहेत. भावाला मेसेज केला, हात लावायचा नाही म्हणून.

लीड्सकर_वैनी | मंगळवार, रात्री ११:५५

एनएमसी बहुतेक काम काउन्सिलच्या थेट पडताळणीवर चालवते, पण आयर्लंडला शाळेकडून तास लागतातच. तिथे बऱ्याच जणींना पुढे ॲप्टिट्यूड टेस्ट किंवा हॉस्पिटलात ॲडाप्टेशन करावं लागतं. यूकेची दारं बंद दिसत असताना आयर्लंडचा अर्ज शेजारी ठेव. तेव्हा चार प्रती मागितल्यास ते उत्तम केलंस.

आणि महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलचं तुझं नूतनीकरण चालू आहे ना? ते संपलेलं असलं तर पडताळणीचं पत्रच अडतं.

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ८:१०

नूतनीकरण चालू आहे. पण नवीन घोळ. मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, मग आईचं. काउन्सिलच्या सर्टिफिकेटवर माहेरचं. पासपोर्ट लग्नानंतर काढला, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आधारवर मधलं नावच नाही. चारही बायका वेगळ्या वाटतात!

उपवनची_सकाळ | बुधवार, सकाळी ९:००

अगदी घरोघरी मातीच्या चुली. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आहे ना? पत्रिका नव्हे, महापालिकेचं. त्यावर दोन्ही नावं असतील तर बहुतेक ठिकाणी भागतं.

कोलोनची_कांदाभजी | बुधवार, दुपारी २:२५

मी राजपत्रात नाव छापून घेतलं होतं, तेही जोडलं. जर्मन माणसाला "आडनाव बायकोने बदललं" हे कळतं, पण मार्कशीटवरचं आईचं नाव म्हणजे माझंच चौथं नाव असं तिथल्या कार्यालयातल्या बाईंना वाटलं. भाषांतर करणाऱ्याने तळटीप टाकली तेव्हा सुटलं. आणि शक्यतो नोंदणीची नावं बदलायची ती निघण्याआधी बदला, अर्ज अर्ध्यावर असताना नको.

ढोकाळीकर | बुधवार, दुपारी ४:००

रात्रपाळी, मागचा माझा प्रतिसाद जरा आगाऊ होता. माझी सून ठाण्यात मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, तिला हा धागा दाखवला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गप्प बसा." तेव्हा गप्प बसतो. टीबीची तपासणी यूकेच्या व्हिसाला मान्य केंद्रावरच लागते, एवढी तिची भर.

रात्रपाळी | सुमारे अडीच महिन्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:३०

धागा वर काढतेय.

१) आयईएलटीएस: लिहिणे ६.५, वाचणे ६.५, बाकी दोन ७. जोडून चाललं!!
२) ट्रान्सक्रिप्ट मिळालं. मॅडमना घरी जेवायला बोलावलं होतं. भरली वांगी केली होती, नेमकी त्यांना चालत नाहीत.
३) सीबीटी पुढच्या शनिवारी.
४) यूकेच्या अकरा जागांना अर्ज केले. नऊ ठिकाणांहून काही नाही, एका ठिकाणाहून नकार, एका आयसीयूकडून ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं. वैनी रोज रात्री अर्धा तास माझी मुलाखत घेतात. "ब्लड प्रेशर पडतंय, काय कराल" विचारल्यावर मी लगेच औषधाचं नाव सांगते आणि त्या ओरडतात, "आधी पेशंटकडे जा, मग एअरवे!"
५) आयर्लंडचा अर्जही टाकलाय. नवऱ्याला हे जास्त पटतंय, कारण तिथे त्याचा मित्र आहे.
६) एजंटचा फोन अजून येतो. मी नोंदणी क्रमांक विचारला, तेव्हापासून फक्त व्हॉट्सॲपवर शुभ सकाळ येतं.

आता गणितात अडलेय. ५०० मिली, चार तासांत, सलाइनच्या सेटचे थेंब मिलीला २०. मिनिटाला किती? उत्तर ४१ की ४२ यावर नवऱ्याशी भांडण झालं.

ब्रदर_कळवा | रविवार, संध्याकाळी ६:५२

५०० गुणिले २० म्हणजे १०,०००. भागिले २४० मिनिटं. ४१.६६. अर्धा थेंब पडत नाही, म्हणून ४२. तुम्ही बरोबर असाल अशी आशा.

रात्रपाळी | रविवार, संध्याकाळी ६:५५

नवरा बरोबर निघाला. :(

जुईनगरची | रविवार, रात्री ८:१०

ताई, मीही सीबीटीला बसतेय. तुझं गणिताचं पुस्तक शनिवारनंतर मिळेल का? मी जुईनगर, ऐरोलीला कुठेही येईन.

रात्रपाळी | रविवार, रात्री ८:३०

मिळेल. पेन्सिलने उत्तरं लिहिलीत, खोडून देते. शनिवारी नाइट नाही, रविवारी ऑफ. ऐरोली स्टेशनला तिकीट खिडकीजवळ सकाळी अकराला ये. येताना तुझ्या वह्या सापडल्या का ते सांग.